आशाताईंचा पहिला प्रश्न

नाशिक

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

सिन्नरला तुझ्या वहिनीच्या गरोदरपणाच्या नावनोंदणीला आलेल्या आशाताईंनी आधी "मशेरी लावता का?" असं का विचारलं, हे तू फोनवर विचारलंस. त्यामागची गोष्ट तू राहतेस त्या जर्मनीपासून सुरू होते.

ऑक्टोबर 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड ही झोपेची गोळी बाजारात आली. चिठ्ठीशिवाय मिळायची. गरोदर बायका मळमळीवरही ती घेऊ लागल्या. बाहेरचं विष वारेपाशी अडतं, अशीच तेव्हा बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. मग हात नसलेली, खांद्यालाच बोटं फुटलेली बाळं जन्मू लागली. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंझ यांनी आयांकडे कसून चौकशी केली आणि नोव्हेंबर 1961 मध्ये गोळी मागे घ्यावी लागली. तोवर जगभरात सुमारे 10,000 बाळांना इजा झाली होती.

या चौकशीतून तारखा पुढे आल्या. गर्भ राहिल्यापासून साधारण 20 ते 36 दिवसांच्या काळात ही गोळी घात करते. आधीच्या दिवसांत पोटात गेली तर कान बिघडतात, मग हात, त्यानंतर पाय. ज्या अवयवाची घडण चालू असेल, त्याच्यावर घाव बसतो. एखादी गोळीसुद्धा पुरते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम एक ते तीन आठवडे झालेले असतात; कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो.

मशेरीचं काम वेगळं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटानं दात-हिरड्यांना चोळत बसायचं. हिरडीतून निकोटिन आईच्या रक्तात उतरतं, तिथून वार ओलांडून बाळाकडे जातं. त्यानं हातपाय खुंटत नाहीत, पण रक्तवाहिन्या आवळतात आणि बाळाचं पोषण तुटतं. महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांचा जो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला, त्यात मशेरी लावणाऱ्या आयांची बाळं वजनाला कमी भरली.

"तंबाखू खाता का?" म्हटलं तर बाई बिनदिक्कत "नाही" म्हणते. मशेरी म्हणजे तिच्या लेखी दात घासणं. म्हणून आशाताई मशेरीचं नाव घेऊनच विचारतात, आणि तेही पहिल्या भेटीत, कारण सवय जितकी लवकर सुटेल तितकं बाळाच्या पदरात पडतं.

तुम्ही दोघं यंदा बाळाचा विचार करताय, म्हणून आणखी एक. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी 28 व्या दिवसाच्या सुमारास मिटते. त्यामुळे फॉलिक ॲसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस जायच्या आधीपासूनच घ्यायचं असतं. तुझ्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आत्ताच डॉक्टरांना दाखव. आकडीवरचं व्हॅल्प्रोएट आणि मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन ही तर बाळाला धोक्याची म्हणून ठाऊक असलेली औषधं. मात्र आपल्या मनानं कुठलीच गोळी बंद करू नकोस. डॉक्टर काय म्हणाल्या ते रविवारी फोनवर सांग.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आत्या