चारमिनारखालचा 'नक्को'

हैदराबादला आम्ही एकटेच गेलो होतो. आम्ही रत्नागिरीकडचे, घरात कोकणी बोली, शाळा मराठी. उर्दू बेताचीच. 'उर्दू येत नाही? कसले मुसलमान तुम्ही!' हे लग्नाकार्यात ऐकून कान किटलेले. त्यामुळे या शहरात तोंड उघडायचीच धास्ती होती.

मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली उभारलेल्या चारमिनारभोवती रिक्षा, हातगाड्या, हॉर्न, अत्तराचा घमघमाट, सगळा कल्लोळ. गर्दीनेच ढकलत आम्हाला लाड बाजारात आणून सोडलं. लाखेच्या बांगड्यांचा भाव आम्ही शब्द जुळवत, अदबीने विचारला. दुकानदार चाचा गालात हसले. शेजारी एक म्हातारी घासाघीस करत होती. ती ठणकावून म्हणाली, "नक्को! इत्तेच देती मैं."

आम्ही चमकलो. हा 'नको' तर आमचा! तो 'च'सुद्धा आमचाच! दखनी बोली शतकानुशतकं मराठीच्या शेजारात वाढली, तिच्याकडून शब्द घेत राहिली. मराठवाडा तर १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. हे सारं पुस्तकात वाचलं होतं. कानांनी ऐकलं ते आज.

ज्या मराठीपायी आम्ही आपल्याच माणसांत ओशाळत आलो, ती इथे मक्का मशिदीच्या सावलीत बिनदिक्कत नांदत होती. तिला कुणी तिचा मजहब विचारत नव्हतं.

संध्याकाळी इराणी हॉटेलात उस्मानिया बिस्किट चहात बुडवत बसलो. पोऱ्याने विचारलं, "और चाय होना?"

"नक्को," आम्ही म्हणालो. जुळवावं लागलं नाही.