पेणकरपाडा : अकरा वाजल्यानंतरचा नाका

दहिसरचा चेक नाका ओलांडला की मुंबई संपते आणि मीरा-भाईंदर सुरू होते. मुंबईची जकात १ जुलै २०१७ पासून बंद झाली, तरी नाक्याचे नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. महामार्ग आणि मीरा रोडची रेल्वे यांच्या मधल्या पट्ट्यात पेणकरपाडा वसलेला आहे. नावात पाडा असला तरी आज येथे चाळी, इमारती आणि औद्योगिक गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. सकाळी गाळ्यांची शटर वर जातात, टेम्पो उलटे लागतात, आणि चहाच्या टपरीवर दिवसाच्या कामाचे सौदे ठरू लागतात.

मजूर नाक्याचा व्यवहार ज्याने पाहिला आहे, त्याला त्याचे वेळापत्रक सांगावे लागत नाही. आठ वाजता गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात. नऊपर्यंत मुकादम तरुण आणि ओळखीचे हात निवडून नेतो. अकरा वाजता जे उरतात, ते कट्ट्यावर, सावलीत बसलेले असतात. त्याच वेळी दुकानाकडे निघालेला सुस्थितीतील गृहस्थ त्यांच्याकडे पाहतो आणि सहज म्हणून जातो, ‘‘हातपाय धड आहेत, काम करायला काय झाले?’’ आठ वाजता तो तेथे असता तर त्याला वेगळे दिसले असते. जे बसलेले दिसतात ते कामाला आले होते. काम त्यांच्याकडे आले नाही.

काम न करणाऱ्यांत ज्याला करता येत नाही तो कोण आणि जो करीत नाही तो कोण, हे पेढीच्या गादीवरून ओळखता येत नाही. स्टीलची भांडी चकाकविणाऱ्या यंत्रापुढे वीस वर्षे उभा राहिलेला माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. जिना चढताना त्याची धाप ऐकावी लागते. मनाचे आजार तर धापेइतकेही ऐकू येत नाहीत. त्या घरातला मुलगा ‘आळशी’ म्हणूनच वाढतो आणि आळशी म्हणूनच म्हातारा होतो.

व्यापारी मनाची शंका मात्र खोटी नाही. फुकट मिळू लागले तर उद्योग कोण करील? ही शंका फार जुनी आहे. इंग्लंडने १८३४ मध्ये गरिबांविषयीचा जो कायदा केला, तो याच भीतीवर उभा होता. मदत हवी असेल तर श्रमगृहात राहावे लागे, आणि तेथील जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहून मुद्दाम खडतर ठेवण्याचे धोरण होते, म्हणजे कामचुकार फिरकणार नाही. त्याची शिक्षा भोगावी लागली ती प्रामुख्याने वृद्धांना, आजाऱ्यांना आणि पोरक्या मुलांना.

नेमक्या त्याच वर्षी, १८३४ मध्ये, मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी पांजरापोळ स्थापन केली. दोन वर्षांपूर्वी भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून शहरात दंगल झाली होती, त्याची ही परिणती. म्हातारा बैल, भाकड गाय, लंगडे घोडे यांना तेथे आसरा मिळू लागला. बैल नांगराला जुंपता येत नाही की तो मुद्दाम बसून राहतो, अशी चौकशी पांजरापोळीच्या दारात कोणी केली नाही. आज भाईंदर पश्चिमेच्या बावन जिनालयापासून गल्लीतल्या छोट्या देरासरापर्यंत जीवदयेच्या नावाने जे दान पडते, त्यामागे हीच रीत आहे. ती रीत माणसापाशी येताच का थबकते, हे समाजाने स्वतःला विचारायला हवे.

शास्त्रात तर याचा निवाडा केव्हाच झालेला आहे. सुपात्रदानात पात्राचा विचार आहे. अनुकंपादानात तो नाही. तेथे समोरचा दुःखी आहे एवढेच पुरते. स्थानांग सूत्रात नऊ प्रकारचे पुण्य सांगितले आहे. त्यांत अन्न, पान, वस्त्र यांच्याबरोबर वचनपुण्यही आहे. भंडाऱ्यात हजारो रुपये लिहविणारा श्रावक अकराच्या नाक्यावर बोलताना या एका पुण्याला मुकतो.

सरकारी बाजूने महाराष्ट्राने दोन मोठी पावले टाकली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उपयोगी पडली. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. दुकानदार दरवर्षी जे २,५०० रुपये कुरकुरत भरतो, त्यांचे मूळ तेथे आहे! पण ती हमी मुख्यतः खेड्यांची. २००५ चा केंद्रीय कायदाही ग्रामीण भागापुरताच झाला. पेणकरपाड्याच्या मजुराला मागितल्यास काम मिळण्याचा हक्क त्यांतून मिळाला नाही. त्याच्या वाट्याला १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा मात्र शहरात राहिल्यामुळे येऊ शकतो. त्यात पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याला १० वर्षांपर्यंत अडकवून ठेवण्याची तरतूद आहे.

ज्याला काम झेपतच नाही त्याच्यासाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. अट अशी की कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मीरा रोडच्या परिसरात एवढ्यात भाड्याची खोलीही मिळत नाही. अपंगांना या मर्यादेत सवलत आहे, परंतु दम लागणारा माणूस प्रमाणपत्राखेरीज अपंग ठरत नाही. शिवाय राज्यात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो, आणि चाळीचा मालक भाडेकरूला कागदावर आणायला सहसा राजी नसतो.

बँकेच्या व्यवहारात दोन थकबाकीदार वेगळे मानतात : ज्याचा धंदा बुडाला तो, आणि पैसे असून न देणारा. दुसऱ्या प्रकारच्या मोजक्यांसाठी कोणी कर्जाची खिडकी बंद करीत नाही. त्यांचा तोटा गृहीत धरून ताळेबंदात तरतूद केली जाते. मदतीच्या हिशेबातही काही आळशी शिरणारच. तेवढी तूट धरून चालणे हे शंभर खऱ्या गरजूंना परत पाठविण्यापेक्षा स्वस्त पडते. हे केवळ दयेचे नव्हे, जमाखर्चाचेही गणित आहे.

संघाच्या हाती असलेले काम फार खर्चाचे नाही. आठवड्यातून दोन सकाळी एखाद्या जाणत्या माणसाने अर्ज घेऊन बसावे. उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरचे प्रमाणपत्र, आधार जोडलेले बँक खाते, हयातीचा दाखला ही साखळी त्याने जुळवून द्यावी. निवृत्त मंडळींना हे सारे तोंडपाठ असते. कागद जमेपर्यंतच्या महिन्यांत घरी धान्य पोचवावे, साधर्मिकाच्या घरी पोचवितो तसेच, गुपचूप. आणि अर्ज घेणाऱ्याने त्या घरचा उंबरा ओलांडावा, कारण चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला खाली उतरायलाच जमत नाही.

पेणकरपाड्यात बारा वाजता गाळ्यांतून जेवणाचे डबे उघडतात. नाक्यावरचा कट्टा तोवर रिकामा झालेला असतो. काही जण घरी परतलेले असतात, काही उद्या आठलाच यायचे म्हणून जवळच कोठेतरी आडवे झालेले असतात.