मुलाखतीतली आई

पुस्तक लिहून झाले की लेखकाचे काम संपते, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती २०२०च्या जानेवारीत दूर झाली. त्या महिन्यात ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तेव्हाच्या उस्मानाबादला म्हणजे आताच्या धाराशिवला, भरले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. संमेलनाच्या निमित्ताने ‘स्थानिक लेखक’ या जमातीला एकाएकी मागणी आली. माझे पहिले पुस्तक दोनच महिन्यांपूर्वी निघालेले असल्याने त्या मागणीत माझाही क्रमांक लागला. पंधरा दिवसांत मी पाच मुलाखती दिल्या.

माझे गाव तामलवाडी. सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे, जिल्ह्याच्या कडेचे गाव. कोजागरीच्या सुमारास पायी निघालेल्या भाविकांची रीघ या रस्त्याने देवीकडे जाते. माझे पुस्तक या रस्त्याच्या आसपासचेच आहे. १९७२च्या दुष्काळात माझ्या आईने खडी फोडली, कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून घरी आणली, त्या वर्षाची ती हकिगत. पुस्तकाचे मध्यवर्ती प्रकरण मात्र खडीविषयी नाही, मस्टरविषयी आहे. एका आठवड्यात मुकादमाने बायकांच्या नावापुढे सहाऐवजी चार दिवसांची हजेरी लावली. बाकीच्या बायका अंगठा उठवून मोकळ्या झाल्या. आई दुसरीपर्यंत शिकलेली. तिने मस्टरवरून बोट फिरवले, रकाने मोजले आणि सही करायला नकार दिला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाद चालला आणि सगळ्यांचे दोन-दोन दिवस परत लागले. माझ्या दृष्टीने सगळे पुस्तक त्या बोटासाठी लिहिले गेले.

पहिली मुलाखत घ्यायला आलेले तरुण पत्रकार सज्जन होते. पुस्तक वाचायला सवड झाली नसल्याचे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. बोलता बोलता त्यांनी विचारले, “म्हणजे आई अशिक्षितच असणार?” मी म्हणालो, “तशी अशिक्षितच म्हणायची.” दुसरी इयत्ता म्हणजे काही शिक्षण नव्हे, एवढाच माझ्या मनातला अर्थ होता. छापताना ‘तशी’ गळले आणि ‘निरक्षर’ हा शब्द मथळ्यात गेला. दुसऱ्या मुलाखतकाराने पहिली मुलाखत वाचलेली होती, त्यामुळे त्याने सुरुवातच तिथून केली. मी दुरुस्ती केली नाही. तिसऱ्या खेपेला ते वाक्य मी आपणहून म्हणालो. पाचव्या खेपेला तर त्या वाक्यानंतर क्षणभर थांबायचे असते, हेही मला कळले होते. समोरच्याचे डोळे तिथे पाणावत.

दोष त्या पत्रकाराचा नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. मुलाखतीला वेळ थोडा असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात लेखकाची एक आकृती आधीच तयार असते. दुष्काळी मुलूख, निरक्षर आई, शिकलेला मुलगा. त्या आकृतीत बसणारे उत्तर दिले की मुलाखत सुरळीत पुढे सरकते. न बसणारे दिले की समजावून सांगावे लागते, आणि समजावून सांगण्यासाठीच तर पुस्तक लिहिलेले असते. मी सोपा रस्ता धरला आणि त्याची किंमत आईने मोजली.

कात्रण शेजारच्या मुलाने आणून दिले. आईने चष्मा लावला. ती अजूनही बोट ठेवूनच वाचते. बोट मथळ्यावरून हळूहळू सरकले आणि थांबले. तिने तो शब्द दोनदा जुळवून वाचला.

“निरक्षर म्हंजी अडाणीच ना रं?”

मी हो म्हणालो.

“मग मस्टर कुणी वाचलं हुतं?”

त्यानंतर ती काही बोलली नाही. कात्रणाची नीट घडी घालून तिने ते माझ्याकडे परत दिले. माझ्याविषयी छापून आलेला बाकीचा सगळा कागद तिच्या ट्रंकेत आहे, तेवढे एक कात्रण नाही.

१९७८ साली आलेल्या ‘बलुतं’ची रचना मला तेव्हापासून वेगळी दिसू लागली. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच. शिकून पुढे गेलेल्या माणसासमोर बोलताना मागे राहिलेला काय लपवील, काय रंगवील, हे त्या दोघांनाही ठाऊक असते. ही रचना मी अनेक वर्षे वर्गात ‘निवेदनतंत्र’ म्हणून शिकवली. ती लेखकाने स्वतःची घेतलेली उलटतपासणीही आहे, हे मला माझ्या पाच मुलाखतींनी शिकवले. दुसरे टोक जी. ए. कुलकर्णींचे. धारवाडला राहून त्यांनी सभा-समारंभांपासून आयुष्यभर अंतर राखले, पण पत्रे मात्र भरभरून लिहिली. पत्रात समोरचा माणूस एकच असतो आणि चुकलेले वाक्य पुढच्या पत्रात दुरुस्त करता येते. मला जी. एं.चा निग्रह नाही. पुस्तक खपावे असे मलाही वाटते.

दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध माझ्याकडे आला. तिने पुस्तकाविषयी आस्थेने लिहिले होते. लेखकाच्या चरित्राच्या प्रकरणात पहिल्याच पानावर वाक्य होते : लेखकाची आई निरक्षर होती. खाली मुलाखतीचा दाखला. मस्टरचे प्रकरण तिने वाचले होते, पुढे त्याचे विवेचनही केले होते, पण हा विरोध तिला जाणवला नव्हता. लेखकाने स्वतः सांगितलेले खोटे कसे असेल?

मी तिला फोन केला. तिने नम्रपणे सांगितले, “सर, प्रबंध बाइंडिंग होऊन जमा झालाय.” आपण शिकवणारे आणि शिकणारे मुलाखतीला पुस्तकाची किल्ली समजतो. निदान माझ्या बाबतीत तरी ते कुलूप ठरले आहे. पुढच्या मुलाखतीत मी दुसरीचा आणि मस्टरचा उल्लेख आवर्जून केला. मुलाखतकारांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. तो उल्लेख छापून आला नाही. म्हणून तो इथे लिहून ठेवतो आहे.