वरही नाही, खालीही नाही

दोन आकडे समोर आले की त्यांतला मोठा कोणता, हे मन लगेच सांगून टाकतं. सुरक्षा-पातळ्यांच्या कामात नव्याने आलेल्यांना मी पहिल्यांदा ही सवय सोडायला लावते. फळ्यावर ‘एस२:सी१,सी३’ आणि ‘एस१:सी२’ अशी दोन लेबलं लिहिते आणि विचारते, यातलं वरचं कोणतं? बहुतेक जण एस२ म्हणतात. खरं तर यातलं कुठलंच वरचं नाही.

माझं काम एसईलिनक्सवरचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली ते सर्वांसाठी खुलं केलं. एरवी लिनक्समध्ये फाइल कुणी वाचायची हे फाइलचा मालक ठरवतो. एसईलिनक्स त्यावर यंत्रणेचं धोरण बसवतं, आणि त्या धोरणापुढे मालकाचं चालत नाही. प्रत्येक प्रोसेसला आणि प्रत्येक फाइलला लेबल असतं. त्या लेबलाच्या शेवटी येते ती पातळी. तिचा एक भाग गोपनीयतेचा क्रमांक, दुसरा कॅटेगऱ्यांचा संच. एक पातळी दुसरीवर वरचढ ठरायला दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: क्रमांक समोरच्याइतका किंवा त्याहून मोठा हवा, आणि समोरच्याची एकूण एक कॅटेगरी आपल्याकडे हवी. आमच्या एस२ चा क्रमांक मोठा, पण त्याच्याकडे सी२ नाही. एस१ कडे सी२ आहे, पण क्रमांक लहान. त्यामुळे दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याचं काही वाचता येत नाही.

मायटर या संस्थेत डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापाड्युला यांनी १९७३ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी हा विचार गणितात मांडायला घेतला. वरचं वाचायचं नाही, खाली लिहायचं नाही, हे त्यांचे नियम आजही सगळे पाठ म्हणतात. मला मात्र डोरोथी डेनिंग यांची १९७६ सालची मांडणी अधिक जवळची वाटते. माहितीच्या प्रवाहाला त्यांनी जाळीची रचना दिली, आणि त्या रचनेत ‘तुलना होत नाही’ हे उत्तर अपवाद राहत नाही. वरच्या दोन लेबलांच्या फाइलींतला मजकूर एकत्र करून अहवाल केला, तर अहवालाची पातळी कोणती? क्रमांक दोन्हींतला मोठा, कॅटेगऱ्या दोन्हींच्या मिळून: एस२:सी१,सी२,सी३. याहून खालची चालणार नाही, वरची द्यायचं कारण नाही. ज्या दोघांची तुलनाच होत नव्हती, त्यांना एकत्र आणणारी जागा अशी नेमकी, एकच निघते. हे मी कितीदा शिकवलं तरी मला त्याचा आनंद होतो.

प्रोग्रामरला खरी अडचण येते ती कोड लिहिताना. तुलनेचं फंक्शन म्हटलं की उत्तरं तीनच: लहान, समान, मोठं. चौथ्याला जागा नसते, म्हणून ते बहुधा ‘समान’मध्ये कोंबलं जातं. क्रमांक सगळ्यांचा एकच धरा आणि तीन संच घ्या: ‘सी१,सी२’, ‘सी३’ आणि ‘सी१’. पहिल्याची दुसऱ्याशी तुलना होत नाही, म्हणून समान. दुसऱ्याची तिसऱ्याशी होत नाही, म्हणून तेही समान. मग पहिला आणि तिसरा समान असायला हवेत, पण पहिला तर तिसऱ्यावर उघड वरचढ आहे! अशा फंक्शनने लावलेल्या क्रमाला काही अर्थ नाही. प्रवेशाचा निर्णय त्यावर सोपवला, तर सी३ च्या प्रोसेसला सी१ ची फाइल सरळ उघडून मिळते. कोड तपासताना म्हणूनच मी आधी ‘एल्स’ची फांदी शोधते. अ हा ब वर वरचढ नाही, एवढ्यावरून ब हा अ वर वरचढ आहे असं तिथे गृहीत धरलेलं असू शकतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये हे नीट केलेलं आहे: वरचढपणा दोन्ही दिशांनी तपासायचा, आणि दोन्हीकडून नकार आला तरच तुलना होत नाही म्हणायचं.

आज हे चौथं उत्तर सगळ्यात जास्त राबतं ते कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये. तिथे सगळे एस० वरच असतात, क्रमांकाला काही काम उरत नाही. प्रत्येकाला १०२४ कॅटेगऱ्यांतल्या दोनची वेगळी जोडी मिळते. अशा ५,२३,७७६ जोड्या होतात, आणि कुठलीही जोडी दुसरीला आपल्यात सामावू शकत नाही, कारण दोन्हींत दोनच कॅटेगऱ्या. लेबलाच्या हिशेबाने शेजारच्या कंटेनरच्या फाइलींना हात लागत नाही तो एवढ्यामुळेच. यातल्या एखाद्याला चुकून एकच कॅटेगरी दिली, तर ती ज्या ज्या जोडीत असेल ती प्रत्येक जोडी त्याच्यावर वरचढ होईल.

रिकाम्या संचाचं तर विचारूच नका, तो सगळ्यांच्याच खाली. कंटेनरला बाहेरचं फोल्डर जोडताना मोठा झेड लावला, तर फोल्डरला त्या कंटेनरची स्वतःची जोडी मिळते. लहान झेड लावला तर त्यावर कॅटेगरीच राहत नाही, आणि त्या यंत्रावरचा प्रत्येक कंटेनर लेबलाच्या हिशेबाने ते वाचू शकतो, त्यात लिहूही शकतो. लहान झेड दिसला की मी तो लिहिणाऱ्याला विचारते, हे फोल्डर खरंच सगळ्यांसाठी आहे का?