नख रुतलं पाहिजे

शेफिल्डच्या गॅरेजात वार्षिक तपासणीला गाडी पास झाली, पण कागदाच्या तळाशी मेकॅनिकने एक ओळ लिहून दिली होती: चारही टायरांच्या कडांना बारीक भेगा. तिला ते पटेना. नक्षी अजून सहा मिलिमीटर खोल होती आणि ब्रिटनच्या कायद्याला १.६ पुरतात. ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसली, अंगठ्याचं नख रबरावर टेकवलं आणि दाबलं. नख रुतलं नाही, वाकलं.

“नख रुतलं पायजे, बाळ. न्हाई रुतलं तर रबर मेलं समज.”

आबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. पुणे–बंगळूर महामार्गावर कराडच्या अलीकडे त्यांचं टायर व्हल्कनायझिंगचं दुकान होतं. तिथे शाळेनंतर तिची संध्याकाळ जायची. तिचं काम एकच: बॅटरी धरायची. हात हलला की आबा म्हणायचे, “उजेड कामावर पाड, माझ्या तोंडावर नगं.”

गाडी आहे १९९० सालची माझदा एमएक्स-५. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा जगासमोर आली, तेव्हा तिच्या जपानी इंजिनिअरांनी तिच्यासाठी एक जुना शब्द पुढे केला होता: ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. रविवारी सकाळी शेफिल्डहून ग्लॉसॉपकडे स्नेक पासच्या वळणांवर तिला त्या शब्दाचा अर्थ हाताला लागायचा. गेल्या हिवाळ्यात मात्र तो सुटत चालला होता. स्टिअरिंग मुकं झालं होतं. एका ओल्या चौकात तर गाडीची शेपटी बाजूला सरकली. रस्त्यावर डिझेल सांडलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

आता तिने टायरच्या कडेवरचे चार आकडे शोधले. २३११. म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. टायरवर जन्मतारीख लिहिलेली असते, हे तिला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी तिने स्वतःच्या गाडीची तारीख कधी वाचली नव्हती.

सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणारी बस इंग्लंडच्या ए-३ रस्त्यावर झाडावर आदळली आणि तीन माणसं गेली. बसचा पुढचा टायर फुटला होता. त्याची नक्षी शाबूत होती, वय मात्र एकोणीस वर्षांहून जास्त. मेलेल्यांपैकी एका अठरा वर्षांच्या मुलाच्या आईने पुढे कित्येक वर्षं हा प्रश्न लावून धरला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर चालवायला बंदी आली. खासगी मोटारींना तो नियम नाही. तिथे नखच वापरायचं.

रबर मरतं म्हणजे काय होतं, हे आबांना शास्त्रात सांगता आलं नसतं. हवेतला ओझोन रबराच्या साखळ्या तोडत असतो. त्याला अडवायला रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ते हळूहळू वर येतं, पृष्ठभागावर ओझोनशी झुंजतं आणि स्वतः संपतं. चालत्या टायरमध्ये रबर दाबलं-सुटलं की ते वर येत राहतं. उभ्या गाडीत हे थांबतं. म्हणून आधीच्या मालकाने झाकून जपलेल्या गाडीचे टायर नक्षी न झिजताच म्हातारे झाले. याच रसायनाचं ओझोनशी मिळून जे होतं, ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोहो सालमन मासे मारत होतं, हे २०२० मध्ये उघड झालं. ती वाचत बसली तेव्हा या माशांनी तिची एक रात्र घेतली. ज्या वळणांवर तिला आनंद व्हायचा, तिथूनही तिच्या टायरांची धूळ खालच्या ओढ्यांत जात असणार.

टायर तर घ्यायचेच होते. साइझ १८५/६० आर १४. एकेकाळी साध्या घरगुती गाड्यांना असायचा. आता रिमा मोठ्या झाल्या आणि चौदा इंचाच्या कप्प्यात निवड आटत गेली. माझदाने २०१७ मध्ये जपानात जुन्या एमएक्स-५ दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा ब्रिजस्टोनने खास तिच्यासाठी मूळचा एसएफ-३२५ टायर याच मापात पुन्हा घडवला. ते वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला तरी तो टायर आठवला होता.

फोनवर एका दुकानदाराने तिला सोळा इंची रिमा सुचवल्या. दुसऱ्याने ‘जास्त दमाचा’, कडा जाड केलेला टायर. या दुसऱ्या सल्ल्यावर ती अडली, कारण आबांच्या दुकानात दम हाच गुण होता. तिने आकडे मांडले. मूळ टायरवर ८२ लिहिलेलं असायचं, म्हणजे एका टायरचा भार ४७५ किलो. चार मिळून १९००. गाडीच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट. जाड कडेचा ८६ आकड्याचा टायर ५३० किलो पेलतो. पण हलक्या गाडीखाली ती कड वाकतच नाही, आणि जी कड वाकत नाही ती रस्त्याची बातमी हातापर्यंत पोचवत नाही. शर्यतीच्या जातीचं चिकट रबरही तिने बाद केलं. ते तापल्यावर धरतं. डर्बीशरच्या आठ अंशांच्या पावसात साडेनऊशे किलोंच्या गाडीने ते तापायचं कधी?

शेवटी तिने लेबलवर ओल्या रस्त्याच्या पकडीला ‘ए’ मिळालेला, पातळ कडेचा, साधा ८२ एच टायर निवडला. चारही एकाच जातीचे, एकाच महिन्यातले.

एक राग तिच्या मनात अजून आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात चाकं बॅलन्स करून घेतली, तेव्हा तिथल्या माणसाने न विचारता चारही चाकांत ३६ पौंड हवा ठोकली. या गाडीला २६ लागते. दोन आठवडे गाडी वाटाण्यासारखी उडत होती आणि तिला वाटलं, सस्पेन्शन गेलं. आकडा हँडबुकात छापलेला असतो. आबांना इंग्रजी नीट वाचता येत नव्हतं, पण गाडी कोणती, माल किती, रस्ता कुठला, हे विचारल्याशिवाय त्यांनी कधी हवेचा पाइप उचलला नाही.

टायर बसवायच्या दिवशी ती आत जाऊन उभी राहिली. माणसाने रिमच्या कडेला साबणाचं पाणी फिरवलं, हवा सोडली, टायर ठप् करून बसला. साबण आणि कोरं रबर. त्या वासाने तिला अर्धं कापलेलं पिंप दिसलं, त्यातलं काळं पाणी, ट्यूब फिरवणारे आबांचे हात आणि एका जागेवरून टपटप वर येणारे बुडबुडे. मग कानस, सोल्यूशन, पॅच. त्यांच्या अंगठ्याच्या नखात कायम काळी रेघ असायची. लग्नकार्यातसुद्धा ती जायची नाही.

हवा भरलेल्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने घेतलं. तेव्हा मोटार नव्हती. त्याचा टायर घोड्याच्या गाडीसाठी होता आणि ओढणाऱ्याचा जोर कमी लागावा, हे त्याने पेटंटातच लिहून ठेवलं होतं. तो विसरला गेला. १८८७ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली. डनलॉप गुराढोरांचा डॉक्टर होता.

हे वाचल्यापासून तिला एकच रात्र दिसते. जानेवारी, गळिताचा हंगाम. दुकानापुढे दोन ट्रक रांगेत, आणि मागून उसाची टायरगाडी कलंडत आली. डावं चाक बसलेलं. आबांनी ट्रकचं काम तिथेच सोडलं. ड्रायव्हर चिडला. आबा म्हणाले, “ट्रकला खांदा न्हाई दुखायला. थांबंल त्यो.” त्यांनी गाडीवानाला आधी जू उतरवायला लावलं. त्याच्या बायकोने बैलांपुढे वाढं टाकलं. जॅक मातीत रुतत होता, म्हणून खाली फळी सारली. आबा चाकापाशी गुडघ्यांवर बसले आणि तिने बॅटरी धरली, उजेड कामावर. टामीने टायर सुटेना. थंडीतही त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. एक बैल वाढं सोडून पुढे आला आणि त्यांची पाठ चाटू लागला. तिने हाकलायला हात उचलला, तसा उजेड हलला.

“ऱ्हाऊ दे त्याला,” आबा म्हणाले. “बॅटरी धर.”