अल्फामाच्या पाखाड्या

जूनचा मध्य, लिस्बन. किल्ल्याकडे २८ नंबरची ट्राम जाते, पण मी सकाळी नदीच्या बाजूने पायीच अल्फामाची जुनी वस्ती चढायला घेतली. हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना टेकतील एवढ्या गल्ल्या, मध्येच दहा-बारा पायऱ्या, की लगेच वळण. कोकणातलं माणूस याला पाखाडीच म्हणेल.

*

अल्फामा हे नाव अरबी. ‘अल-हम्मा’, म्हणजे गरम पाण्याचे झरे. ११४७ मध्ये पोर्तुगालचा राजा अफोन्सो हेन्रिकिशने मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, शहर घेतलं, कॅथेड्रल उभं राहिलं, पण गल्ल्यांची वीण मूरांच्या वेळचीच राहिली. १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप, त्यामागून आलेली लाट आणि आग यांत खालचं शहर गेलं. ते पुढे पट्टीने आखल्यासारखं सरळ बांधलं. अल्फामा बरीचशी वाचली.

*

एक आजी दारापुढच्या पायऱ्या धूत होत्या. आत कुणाला तरी हाक मारून म्हणाल्या, ‘बाल्द!’ एक मुलगा बादली घेऊन आला. मी जागच्या जागी थांबले. पाणी ओतलं, खराट्याने खाली लोटलं, प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात पुन्हा एकदा खराटा फिरवला. माझी आई वसईत ओटा असाच धुते, कोपरे शेवटी.

*

बादली, चावी, घमेलं, पिंप, लिलाव, पाव, बटाटा. सगळे मराठीत पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. चावीला इथे आता ‘शाव्ह’ म्हणतात. त्यातला जुना ‘च’ आपल्याकडे टिकला. वसईवर पोर्तुगीजांचं राज्य १५३४ ते १७३९. या शब्दांमागे गोव्यातलं इन्क्विझिशन आहे, पाडलेली देवळं आहेत. ते विसरून मला इथे फिरता येत नाही. पण बादली हा शब्द आता राजाचा नाही. तो या आजींचा आहे आणि माझ्या आईचा.

*

पांतेओन, देशातल्या थोरांचं समाधिस्थळ. वास्को द गामाचं स्मारक पाहिलं. फुलं घेऊन गेले होते ती मात्र फादो गाणाऱ्या अमालिया रॉद्रिगिशच्या थडग्यापाशी ठेवली.

*

दारांशेजारी आकडे जुळवून उघडायच्या छोट्या पेट्या, आत भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी चावी. एका पाखाडीत नऊ दारं मोजली, सहांना पेटी. अशा दारापुढची पायरी कुणी धूत नाही. मीही अशाच एका खोलीत उतरले आहे आणि ते मला टोचतं. पुढच्या खेपेला इथे राहायचं नाही, हे ठरवून टाकलं.

*

संत अँथनीचा सण नुकताच झालाय. गल्लीवर कागदी पताका अजून आहेत, भाजलेल्या सार्डिनचा वास भिंतींना धरून आहे. परतताना आजी खिडकीत बसल्या होत्या. शेजारी कुंडीत सणाचं मांझेरिको, बारीक पानांचं, तुळशीच्या कुळातलं. मी नाक जवळ नेलं तशी त्यांनी बोट हलवून थांबवलं. स्वतःचा तळहात रोपावरून अलगद फिरवला आणि तो हुंगून दाखवला. मग कुंडी माझ्याकडे सरकवली.