गाडी तापली, पण कधी?

मार्च सरला की टोचन करून आणलेल्या जुन्या गाड्या गॅरेजसमोर दिसू लागतात. मालकाचं निदान बहुधा वाटेतच झालेलं असतं : "रेडिएटर गेलाय, नवा टाका." मी बोनेट उघडण्याआधी एकच विचारतो. तापली कधी? घाटात, गर्दीत उभी असताना, की सकाळी चालू केल्याकेल्या? या उत्तरात निम्मं निदान असतं, आणि त्याला एक पैसा पडत नाही.

उभी असताना काटा चढतो आणि हायवेला लागताच उतरतो, तर वारा कमी पडतोय. पद्मिनीचा पंखा बेल्टवर फिरतो, म्हणून आधी बेल्टचा ताण बघायचा. मारुती ८०० चा पंखा विजेवर. फ्यूज शाबूत असेल तर थर्मोस्विचच्या वायरी डायरेक्ट जोडून पाहतो. पंखा फिरला की मोटर निर्दोष, स्विच गेला. रेडिएटरला हात लावायचं कारणच नाही.

गावात थंड राहणारी गाडी चंदनापुरी किंवा करंजी घाटात तापते, ते दुखणं वेगळं. उसाच्या ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरवर चढताना इंजिनाची उष्णता वाढते, वारा मात्र जेमतेम. अशा वेळी वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि रेडिएटरची खरी परीक्षा होते. इंजिन बंद करतो, पंख्याची वायर काढतो आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळवा हळूहळू फिरवतो. सगळीकडे ऊब आणि मध्येच एखादा थंडगार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या बुजल्यात. आमच्याकडे बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जातं. त्यातले क्षार आत थर धरतात, पाण्याच्या पातेल्याला धरतात तसेच. रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून थर काढला, तर असा रेडिएटर पुष्कळदा वाचतो. पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालावं.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचं झाकण. अहिल्यानगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच, त्यामुळे साधं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं, तेव्हा तेच पाणी ११८ अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला. नवं झाकण रेडिएटरच्या मानाने अगदीच स्वस्त, तरी ते शेवटी बदललं जातं, याचं मला वाईट वाटतं.

चालू केल्याकेल्या तापणाऱ्या गाडीत पाणी कमी असतं, नाहीतर थर्मोस्टॅट अडकलेला असतो. तो दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या तापत्या पाण्यात लटकवतो, शेजारी थर्मामीटर धरतो. थर्मोस्टॅटवर ८२ कोरलेलं असेल तर तेवढ्या अंशांच्या आसपास झडप केसभर उचलली पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पुरती उघडली पाहिजे. तो काढून फेकायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. मला ती मुळीच मान्य नाही. इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं. आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरत राहतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

एक खूण मात्र कोणीही ओळखावी. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण उघडून इंजिन चालू करा. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केटचा संशय धरावा. अशी गाडी 'हळूहळू नेतो' म्हणत दामटू नये. मारुतीचं हेड ॲल्युमिनियमचं, तापलं की वाकतं. लेथवर फेस मारून ते सपाट करता येतं, पण दर वेळी धातू कमी होतो आणि हे काही अनंत वेळा चालत नाही. मारुती ८०० आणि अँबॅसेडर, दोन्हींचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. पद्मिनी त्याआधीच बंद झाली. चांगलं जुनं हेड आता शोधत फिरावं लागतं. तेव्हा काटा लालकडे सरकला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. झाकण निदान अर्धा तास उघडू नका, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी तर अजिबात ओतू नका.